लर्निंग लायसन्सवर मोठी मोटरसायकल: खान्देशातल्या पोरांचे आणि त्यांच्या घरच्यांचे नेहमीचे प्रश्न

मी अमळनेरचा. गल्लीतली आणि आजूबाजूच्या खेड्यांतली पोरं-पोरी गाडी शिकायला माझ्याकडे येतात. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की फोन सुरू होतात. "भो, बुलेट बुक केली, लायसन्स अजून लर्निंग आहे, चालेल ना?" प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा सगळं एकदा नीट लिहून ठेवतो. लर्निंगवर मोठी गाडी घेऊन मी स्वतः पाय मोडून घेतला आहे, त्यामुळे काही ठिकाणी आवाज चढेल. तो काळजीचा आहे.

लायसन्स लर्निंग असताना गाडी विकत घेता येते का?

येते. लायसन्स हे चालवण्यासाठी लागतं, मालकीसाठी नाही. आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा आणि पैसे एवढ्यावर गाडी तुमच्या नावावर पासिंग होते, मग ती जळगावला एमएच १९ होवो, धुळ्याला एमएच १८ की नंदुरबारला एमएच ३९. अडचण येते ती टेस्ट राइडला. बहुतेक शोरूमवाले पक्कं लायसन्स पाहिल्याशिवाय मोठी गाडी हातात देत नाहीत, आणि ते बरोबरच करतात. गाडी घरी आणतानाही पक्कं लायसन्स असलेल्या माणसाने आणावी. हार घातलेल्या नव्या गाडीवर पहिल्याच दिवशी एकट्याने अर्धा जिल्हा फिरून येणारे मी पाहिले आहेत.

लर्निंगवर किती सीसीपर्यंत गाडी चालवता येते?

आपल्याकडे सीसीची मर्यादाच नाही. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये दुचाकीचे दोन वर्ग आहेत, गेअरची आणि विना गेअरची. गेअरच्या वर्गाचं लर्निंग असेल तर कायद्याच्या नजरेत ९७ सीसीची स्प्लेंडर आणि ६४८ सीसीची इंटरसेप्टर एकच. इंटरनेटवर "शिकाऊ चालकाला १२५ सीसीच्या वर बंदी" असं सांगणारे व्हिडिओ पाहून मुलं घाबरतात. ते नियम ब्रिटनचे आहेत. तिथे शिकाऊला १२५ सीसीपर्यंतच परवानगी असते आणि त्यानंतरही पायरी-पायरीने ताकद वाढवता येते. ऑस्ट्रेलियातही शिकाऊंसाठी वजन आणि ताकद यांच्या हिशोबाने गाड्यांची वेगळी यादी असते. आपल्या कायद्याने ही पायरी ठेवलेली नाही. ती आपली आपणच ठेवायची, हे मी प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगतो.

एक मात्र तपासा. तुमच्या लर्निंगवर नेमका कोणता वर्ग लिहिला आहे? स्कूटीसाठी म्हणून काढलेलं विना गेअरचं लर्निंग घेऊन बुलेट चालवली तर ते विना लायसन्स चालवणंच झालं. त्याचा दंड ५,००० रुपये आहे.

मुलगा सतरा वर्षांचा आहे. वडिलांच्या नावावर गाडी घेतली तर चालेल का?

नाही. गेअरच्या गाडीचं लर्निंगसुद्धा १८ पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. सोळाव्या वर्षी मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं, आणि तशी गाडी आता बाजारात शोधून सापडणं कठीण.

आप्पा, नाना, दादा, जे कोणी वडील हे वाचत असतील त्यांनी कलम १९९-अ लक्षात ठेवावं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. ३ वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. शेतात मोटर चालू करायला पोरगा गाडीवर जातो, त्यात काय एवढं, असं आपल्याकडे घरोघरी म्हटलं जातं. पंचविशीपर्यंत लायसन्स नाही म्हणजे एमआयडीसीतली नोकरी असो की स्वतःचा धंदा, सात-आठ वर्षं त्याला दुसऱ्याच्या मागे बसून जावं लागेल. एवढं मोठं नुकसान एका फेरीसाठी पत्करू नका.

शेताच्या रस्त्यावर तरी लायसन्स लागत नाही ना?

स्वतःच्या बांधाच्या आत लागत नाही. शिवरस्ता, गाडवाट, गावठाणातला कच्चा रस्ता, म्हणजे जिथे लोकांना जायचा हक्क आहे अशी कोणतीही जागा कायद्याने सार्वजनिकच. रस्ता डांबरी आहे की मातीचा, याने फरक पडत नाही.

लर्निंगवर एकट्याने चालवता येतं का? मागे कोणाला बसवता येतं?

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ३ यासाठी आहे. तीन अटी आहेत. लर्निंग चालू मुदतीतलं हवं. सोबत त्या वर्गाचं पक्कं लायसन्स असलेला शिकवणारा हवा, तोही गाडी आवरता येईल असा बसलेला. आणि पुढे-मागे 'एल'ची पाटी हवी. पाटी पांढरी, १८ सेंटीमीटर चौरस, त्यावर लाल अक्षर किमान १० सेंटीमीटर उंच. स्टिकरच्या दुकानात मिळणारं बोटाएवढं एल त्यात बसत नाही.

मोटरसायकलवर मागे फक्त तो शिकवणाराच बसू शकतो. मित्र नाही, बहीण नाही, बाजाराची पिशवी घेतलेली आईसुद्धा नाही. एकट्याने चालवणं नियमात बसत नाही. सगळेच चालवतात, मीही चालवली. पोलिसाने अडवलं नाही म्हणून नियम बदलत नाही, आणि हा नियम आडवा येतो तो चौकात नाही, इन्शुरन्सच्या ऑफिसात.

म्हणजे लर्निंगवर अपघात झाला तर इन्शुरन्स मिळत नाही?

मिळतो, पण नियम ३ पाळला असेल तर. नव्या गाडीच्या पॉलिसीत 'ड्रायव्हर क्लॉज' नावाचा एक परिच्छेद असतो. बारीक अक्षरांत असतो, पण असतोच. त्यात लिहिलेलं असतं की लर्निंग असलेला माणूसही गाडी चालवू शकतो, मात्र त्याने १९८९ च्या नियमांतला नियम ३ पूर्ण केलेला असला पाहिजे.

माझं काय झालं ते सांगतो. लर्निंग निघालं आणि चौथ्या आठवड्यात मी साडेतीनशे सीसीची गाडी घेतली. पहिला मोठा पाऊस पडून गेला होता आणि मला शेत पाहायचं होतं. आपली काळी माती ओली झाली की टायर आणि मडगार्डच्या मध्ये भरत जाते, आणि थोड्या वेळाने चाक फिरायचंच थांबतं. मी गाडी सावरायला डावा पाय टाकला, तो घसरला, आणि जवळपास दोनशे किलो लोखंड घोट्यावर आलं. शेजारच्या शेतातल्या काकांनी आणि त्यांच्या सालदाराने गाडी उचलली तेव्हा पाय बाहेर निघाला. हाड मोडलं होतं. हँडल, लिव्हर, टाकी, हेडलाइट, सगळ्याला मार होता. क्लेम टाकला. सर्व्हेअर आला, नीट वागला, आणि त्याने एकच प्रश्न विचारला. मागे कोण बसलं होतं? मी खरं सांगितलं, कोणी नाही. पाटी होती का? नव्हती. क्लेम नामंजूर झाला. गाडी दुरुस्तीचे पैसे आम्ही कपाशीच्या खतासाठी ठेवलेल्या पैशांतून भरले. वडील एका शब्दाने बोलले नाहीत, आणि ते मला अजून लागतं.

आता दुसऱ्याचं नुकसान झालं तर काय, ते पाहू. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वरण सिंग या खटल्यात सांगितलं की लर्निंग हेही लायसन्सच आहे, केवळ लर्निंग आहे म्हणून कंपनी जखमीला भरपाई नाकारू शकत नाही. पण पॉलिसीच्या अटी मोडल्याचं सिद्ध झालं, तर कंपनीने आधी जखमीला पैसे द्यायचे आणि मग गाडीमालकाकडून वसूल करायचे, असा आदेश होऊ शकतो. रस्त्यावरच्या एखाद्या मजुराला तुमच्या गाडीने जन्माचं अपंगत्व आलं, तर ती रक्कम लाखांत जाते. आपल्याकडच्या साध्या घरात त्यासाठी शेतच विकावं लागेल.

पॉलिसीतलं १५ लाखांचं अपघात कवच?

ते 'मालक-चालक' असलेल्याला. लक्ष द्या, मालक आणि चालक एकच हवा. गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवतो मुलगा, तर ते कवच मुलाला लागू नाही. आपल्याकडे बहुतेक गाड्या वडिलांच्या नावावर घेतल्या जातात आणि हे कोणी सांगत नाही. मुलगा मालक असला तरी या कवचालाही नियम ३ ची तीच अट आहे. गाडी कोणाच्या नावावर घ्यायची हे ठरवताना मुहूर्ताइतकाच याचाही विचार करा.

पक्कं लायसन्स कधी मिळेल? आखाजीला गाडी घ्यायची आहे.

लर्निंग निघाल्यापासून ३० दिवसांनी पक्क्याची टेस्ट देता येते. लर्निंगची मुदत ६ महिने. ती वाढत नाही, संपली की नवीन काढायचं. लर्निंगची परीक्षा आधार वापरून घरबसल्या सारथी या सरकारी साइटवर देता येते, १५ प्रश्नांपैकी ९ बरोबर आले की पास. ती परीक्षा सायबर कॅफेवाल्याकडून सोडवून घेऊ नका. रस्त्यावरच्या पाट्यांचे ते पंधरा प्रश्न ज्याने स्वतः सोडवले नाहीत, त्याला पुढे पारोळ्याच्या चौफुलीवर कोण सांगायला येणार?

आखाजीचा हिशोब उलटा मांडा. होळीपासून आखाजी साधारण दीड महिना. होळीच्या आधीच लर्निंग काढलं, तर आखाजीपर्यंत पक्कं लायसन्स हातात येतं आणि गाडी पहिल्या दिवसापासून बिनधास्त चालवता येते. हे करणारी मुलं फार थोडी. बाकीचे आखाजीला गाडी घेतात, मग लर्निंग काढतात, आणि पक्कं होईस्तोवर मृगाचा पाऊस लागतो. नवी गाडी, नवा हात आणि ओली काळी माती, तिन्ही एकाच महिन्यात येतात. माझंही असंच जुळून आलं होतं.

टेस्ट मोठ्या गाडीवरच द्यावी लागते का?

नाही. गेअरची कोणतीही मोटरसायकल चालते. काकांची शाइन न्या, आठचा आकडा काढा, पास व्हा. त्याच लायसन्सवर दुसऱ्या दिवशी ६५० चालवणं कायदेशीर आहे. शहाणपणाचं आहे का, ते पुढच्या उत्तरात.

सगळं कायदेशीर आहे, तर थांबायचं कशाला?

हा प्रश्न माझ्या भाच्याने विचारला होता. "मामा, स्प्लेंडर तर आठवीपासून चालवतो मी." त्याला मी ओट्यावर बसवून आकडे लिहून दाखवले होते, तेच इथे देतो.

स्प्लेंडर साधारण ११२ किलोची, ताकद सुमारे ८ हॉर्सपॉवर. क्लासिक ३५० म्हणजे १९५ किलो आणि २० हॉर्सपॉवर. ३९० ड्यूक वजनाने त्याहून हलकी, १६८ किलोच्या आसपास, पण ताकद ४५ च्या घरात. इंटरसेप्टर ६५० दोनशे किलोच्या वर आणि ताकद सुमारे ४७.

वजन आणि ताकद या दोन वेगळ्या अडचणी आहेत. वजन त्रास देतं ते हळू चालताना. भाजीबाजारात, दारातल्या उतारावर, वाळूवर, यू टर्न घेताना. स्प्लेंडर कलली तर गुडघ्याने धरता येते. १९५ किलोची गाडी एका मर्यादेपलीकडे कलली की ती कोणालाच धरता येत नाही, पैलवानालाही नाही. तिथे उचलण्याची ताकद कामाची नाही, ती कलूच न देण्याची सवय लागते, आणि ती सवय महिन्यांनी येते.

ताकद त्रास देते ती वेगात. स्प्लेंडरचा अ‍ॅक्सिलरेटर चुकून पिळला गेला तर ती थोडी ओरडते. ४५ हॉर्सपॉवरची गाडी खड्ड्यात आदळून मनगट मागे गेलं, तर डोक्यात विचार येण्याआधी ती पुढच्या ट्रॅक्टरच्या मागे पोचलेली असते. ताशी ८० च्या वेगाने एका सेकंदात २२ मीटर जातात. आपल्या रस्त्यांवर रात्री बिनालाइटच्या ट्रॉल्या असतात, शहादा-तळोद्याकडे उसाच्या, रावेर-यावलकडे केळीच्या, आणि हंगामात सगळीकडे कापसाने फुगलेल्या, अर्धा रस्ता व्यापणाऱ्या. डिपरवर, म्हणजे जवळच्या उजेडात, ती ट्रॉली चाळीस मीटरवर दिसली तर हातात दोन सेकंदही नाहीत. ब्रेक दाबायचा हे कळायलाच त्यातला एक जातो. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर दुप्पट नाही, साधारण चौपट होतं.

भाच्याला हे पटलं की नाही ठाऊक नाही, पण वही घेऊन गेला. त्याच्या आईने मात्र दारातून एवढंच विचारलं, "तुले येवढी मोठी गाडी कसाले जोयजे रे?" (तुला एवढी मोठी गाडी कशाला हवी रे?) त्या प्रश्नाचं उत्तर दोन वाक्यांत देता आलं तर गाडी घ्या. मी रोज धुळ्याला जातो, उंच आहे, दोघं बसतो, हे उत्तर आहे. सगळ्यांनी घेतली, हे नाही.

मग पहिली गाडी कोणती घेऊ?

घरात १०० ते १२५ ची गाडी असेल तर पहिला एक पावसाळा तिच्यावरच काढा. नवीनच घ्यायची असेल तर १५० ते २०० मधली, एबीएस असलेली. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे. त्या खालच्यांना दोन्ही ब्रेक जोडणारी सीबीएसही चालते. फरक पहिल्यांदा जोरात ब्रेक दाबाल तेव्हा कळेल. मात्र एबीएस चाक अडकू देत नाही, एवढंच त्याचं काम. खडीवर आणि वळणात ते जादू करत नाही.

खर्चात ३५० हा आकडा महत्त्वाचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर जीएसटी १८ टक्के आहे आणि त्याच्या वर ४० टक्के. बुलेट, क्लासिक, हंटर या ३४९ सीसीच्या गाड्या खालच्या गटात येतात. सक्तीचा थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) इन्शुरन्सही तिथेच वाढतो. २०२२ साली ठरलेल्या दरांत १५० ते ३५० ला वर्षाला १,३६६ रुपये होते आणि ३५० च्या वर २,८०४. नव्या दुचाकीला तो एकदम ५ वर्षांचा भरावा लागतो. राज्याचा रोड टॅक्सही सीसीप्रमाणे वाढतो. टायर, ब्रेक पॅड, चेन, सर्व्हिसिंग यांचे भाव शोरूममध्ये आधीच विचारून वहीत लिहा. हप्ता भरायला पैसे उरतात आणि टायर बदलायला उरत नाहीत अशी मोठी गाडी मला सगळ्यात धोक्याची वाटते.

मी मुलगी आहे, उंची पाच फूट दोन इंच. मला बुलेट चालवायची आहे. लोक हसतात.

हसू द्या. सीटची उंची पाहा. क्लासिकची ८०५ मिलिमीटर, हंटरची ७९०, आणि हंटर वजनालाही कमी. सीट अरुंद असेल तर त्याच उंचीवर पाय जास्त टेकतात, म्हणून कागदावरच्या आकड्यापेक्षा बसून पाहा. घालायचे तेच बूट घालून बसा. दोन्ही पायांचे चवडे टेकले आणि गाडी साइड स्टँडवरून एकटीने सरळ करता आली, तर पुरे. माझ्याकडे शिकलेल्यांत हळू गाडी सगळ्यात स्वच्छ चालवणारी एक मुलगीच आहे, कारण तिने पाय टाकून सावरायची सवय लावूनच घेतली नाही.

सराव कुठे आणि कसा करायचा?

लिलाव नसलेल्या दिवशी बाजार समितीचं आवार, परवानगी काढून. शाळेचं मैदान सुट्टीत. जळगावकरांनी मेहरूण तलावाचा रस्ता धरू नये, सकाळी तिथे म्हातारी माणसं फिरायला येतात.

पहिले आठ दिवस फक्त पहिला गेअर. हाफ क्लच आणि मागचा ब्रेक यांवर माणसाच्या चालीने गाडी चालवा, पाय फूटरेस्टवर. मग दोन विटांच्या मधून, मग आठचा आकडा, दर वेळी लहान करत. नजर जिथे जायचंय तिथे. चाकाकडे पाहिलं की गाडी पडते. मग चढावर थांबून, मागे न घसरता निघणं. हे जमलं की ब्रेक. ताशी ३० वरून दोन्ही ब्रेक, पुढचा दाबत-दाबत वाढवत. आपल्याकडे "पुढचा ब्रेक मारू नको, पलटी होशील" असं लहानपणापासून शिकवतात आणि त्यामुळे अर्धी माणसं आयुष्यभर मागच्याच ब्रेकवर गाडी थांबवतात. थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. तो एकदम खेचायचा नाही, पिळायचा. गाडी सरळ असताना, आणि वाळूवर नाही.

आडवी पडलेली गाडी उचलण्याचाही सराव करा. पाठ गाडीकडे, सीटला टेकून, गुडघ्यांच्या जोरावर. त्याआधी इंजिन बंद, गेअर टाकलेला.

हायवेला आणि घाटात कधी जायचं?

लर्निंगवर नाही. पक्कं झाल्यावर आधी दिवसा, कमी रहदारीच्या वेळी, अमळनेर ते चोपडा अशा रस्त्यावर. धुळे-जळगाव महामार्गावर ट्रक मागून येतो तेव्हा त्याच्या हवेचा झोत गाडीला आधी ढकलतो आणि मग ओढतो. पहिल्यांदा अनुभवताना हात घट्ट होतात, तेव्हा ते सैल ठेवायला शिकावं लागतं.

कन्नडचा औट्रम घाट, तोरणमाळ, कोंडाईबारी इथे पोरांना पहिल्याच महिन्यात जायचं असतं. चढताना कोणीही चढतो. उतरताना ब्रेक धरून ठेवले की ते तापतात आणि पकड सोडतात, म्हणून ज्या गेअरमध्ये चढलात त्याच गेअरमध्ये उतरा. न्यूट्रलमध्ये पेट्रोल वाचवत उतरणाऱ्याच्या मागे बसू नका, ओळखीचा असला तरी.

उन्हाळ्याचंही सांगतो. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. मोठ्या इंजिनाची उष्णता मांड्यांना लागते, हेल्मेट तापतं, आणि दीड तासाने डोकं जड झालं तरी आपण थकलोय हे कळत नाही. दुपारी बारा ते चार गाडी सावलीत, आपणही सावलीत. पण उकडतं म्हणून हेल्मेट काढून आरशाला अडकवू नका. आयएसआय मार्कचंच घ्या. १ जून २०२१ पासून त्याशिवायचं हेल्मेट विकायलाच बंदी आहे, तरी रस्त्याच्या कडेला टोपलीएवढी हलकी हेल्मेटं ढिगाने मिळतात.

सुरतचा मावसभाऊ त्याची जुनी बुलेट स्वस्तात देतोय. घेऊ?

गाडी चांगली असेल तर जुनी गाडी शिकायला उत्तम, पडली तरी जीव तेवढा जळत नाही. कागदांकडे मात्र लक्ष द्या. जीजे ०५ असो की बऱ्हाणपूरची एमपी ६८, मूळ आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) लागते, म्हणजे फॉर्म २८. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. महाराष्ट्रात कायमची आणली तर इथला टॅक्स भरून १२ महिन्यांच्या आत इथला नंबर घ्यावा लागतो, ती रक्कम किमतीत धरा. इन्शुरन्स १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. "भाऊच आहे, नंतर करू" म्हणून तीन-तीन वर्षं दुसऱ्याच्या नावावर गाडी फिरते. अपघात झाला की नोटीस सुरतला जाते आणि नातं तुटतं.

टेस्टमध्ये नापास झालो तर?

७ दिवसांनी पुन्हा देता येते. तीनदा नापास झालात तर ६० दिवस थांबावं लागतं. टेस्टची फी ३०० रुपये, लायसन्सची २०० वेगळी. तालुक्याला आरटीओचं शिबिर असतं त्या दिवशी गर्दी फार होते, सकाळी लवकर जा. आठ काढताना पाय टेकला म्हणून बहुतेक जण नापास होतात, आणि काही जण हाताचे इशारे विसरतात म्हणून. उजवीकडे वळताना हात सरळ बाहेर, तळवा समोर. हा इशारा मी अजूनही देतो, गाडीला इंडिकेटर असताना. मागचा ट्रॅक्टरवाला इंडिकेटर पाहीलच असं नाही, हात पाहतो.